भाबी, अध्यक्ष आणि खाडीचं पाणी

उंट नाही, आधीच सांगतो. सोन्याचं दुकान नाही, काचेचा टॉवर नाही, आणि परदेशात आईच्या हातच्या भाकरीसाठी रडणारा मुलगाही नाही. यूएईतला पोरगा आठवणी लिहायला बसला म्हणून तुम्ही रुमाल काढला असेल तर तो परत खिशात घाला. ही गोष्ट आहे सरकारी शाळांच्या समित्यांच्या राज्य संघटनेच्या वार्षिक सभेची. झाली ना तोंडं वाकडी? थांबा जरा. त्या सभेत माझ्या भाबीने अध्यक्षांना "गप बस, मेल्या!" म्हटलं होतं. लाउडस्पीकरवर, अख्ख्या राज्यासमोर.

आता कसे सरळ बसलात!

आमचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठावर. जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, चौथीपर्यंत. मी तिथेच शिकलो, म्हणजे गुरुजींची नक्कल करायला शिकलो, बाकीचं असंच. आता मी आणि मोठा भाऊ दुबईत, अल कुसैसला एका रूममध्ये राहतो. भाबी आणि पुतणी गावी. पुतणी तिसरीत, म्हणून भाबी शाळा समितीत. आणि समितीची अध्यक्ष कशी झाली? निवडीच्या दिवशी ती उशिरा पोचली. बाकीच्यांनी तोवर नाही म्हणून घेतलं होतं.

मग कागद आला. पट कमी, सतराच मुलं. शाळा बंद करायची आणि मुलं पलीकडच्या गावच्या शाळेत घालायची. पलीकडच्या म्हणजे खाडीपलीकडच्या. कागदावर अंतर दीड किलोमीटर होतं. कागदावरच्या खाडीला पाणी नसतं.

भाबीने तालुक्याला तीन पत्रं दिली. ती तिथल्या टेबलावर चहाच्या कपाखाली बसली. एका गावाच्या पत्राचं एवढंच होतं. पण गावोगावच्या समित्यांची मिळून एक राज्य संघटना आहे. तिच्या सभेत समितीच्या अध्यक्षाने उभं राहून ठराव मांडायचा, बाकीच्यांनी हात वर करायचे, की तुमची कुरकुर सगळ्या राज्याची मागणी होते. ती घेऊन संघटना थेट शिक्षण विभागात जाते. मग साहेबांना कप उचलावाच लागतो.

अडचण एकच. मासळीवालीला दोन मिनिटांत गार करणारी आमची भाबी माईक दिसला की थिजायची. जिल्ह्याच्या बैठकीत तिने नाव सांगितलं आणि खाली बसली होती.

"घाबरतेस कशाला? मी होतो अध्यक्ष," मी फोनवर म्हटलं.

संघटनेच्या जुन्या सभांचे व्हिडिओ आमच्या ग्रुपवर फिरत होते. तिथले अध्यक्ष मस्त होते. दोनदा खाकरायचे आणि नाकातून म्हणायचे, "ताई, मुद्द्यावर या. मुद्द्यावर!" असा माणूस मला मिळाला म्हणजे ईदच. दोन आठवडे ड्युटीवरून आलो की मी अध्यक्ष व्हायचो आणि भाबी ठराव मांडायची. ती अडखळली की मी खाकरायचो. ती चिडायची. आणि गंमत अशी, की चिडली की तिची वाक्यं एकदम सरळ निघायची.

"अरे, रडवशील तिला," भाऊ डाळीला फोडणी देता देता ओरडायचा.

"ताईंचे यजमान, तुम्ही मुद्द्यावर या. डाळ करपतेय!"

सभेच्या आदल्या दिवशी भाबीने मला शपथ घातली. "उद्या तू नुसतं ऐकायचं. तुझी नक्कल मधे आली ना, तर बघ." मी शपथ घेतली. पण भावाच्या लग्नात मी तिच्या अब्बांच्या आवाजात आचाऱ्याला फोन करून अजून दोन डेग बिर्याणी चढवायला लावली होती. तेव्हा माझ्या शपथेवर तिचा किती भरवसा होता, हे तुम्हीच समजा.

सभा शनिवारी होती, लांबच्यांसाठी ऑनलाइन. मी हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या गोडाऊनमध्ये पाइपांच्या रॅकमागे, कानात इअरफोन. गावात रेंज मरतुकडी, म्हणून भाबीचं व्हिडिओ बंद, फक्त आवाज. तिचा नंबर आला. तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि थांबली. आता ही खाली बसली की शाळा खाली बसली.

तेवढ्यात अध्यक्ष दोनदा खाकरले. "ताई, मुद्द्यावर या. मुद्द्यावर!"

"गप बस, मेल्या!" भाबी कडाडली. "शपथ घातली होती ना तुला?"

अध्यक्षांनी माईक जवळ ओढला.

"ताई, मी अध्यक्ष बोलतोय."

"हो का! तू अध्यक्ष तर मी शिक्षणमंत्री! सात-सात वर्षांची सतरा पोरं भरतीच्या पाण्यात होडीतून जाणार आणि तुला मुद्दा पाहिजे? घरी बसून नकाशावर पट्टी ठेवायला काय जातं? एक दिवस त्या होडीत बस दप्तर घेऊन. वारा सुटला की नाखवा नाही म्हणतो, मग त्या दिवशी शाळा कुठली? अंतर पोरांच्या पायाने मोजायचं, पट्टीने नाही!"

मी म्यूट काढून बोंबललो, "भाबी, मी नाही! ते खरे आहेत!"

रॅकच्या पलीकडून सुपरवायझर ओरडला, "क्या हुआ भाई? यल्ला, काम करो!"

फोनवर आधी कोणीतरी फुसकन हसलं, मग अख्खा हॉल. मला वाटलं, खलास. आता ही फोन ठेवणार. पण भाबीचाच आवाज आला, हळू आणि न अडखळता. "साहेब, माफी मागते. दीर नकला करतो, मला वाटलं तोच आहे. माणूस चुकले. पण बोलले त्यातला एक शब्द मागे घेणार नाही."

अध्यक्ष खाकरले, एकदाच. "ताई, मुद्दा आला. हात वर करा मंडळी."

एकही हात खाली राहिला नाही म्हणे. हॉलमध्ये बसलेल्या आमच्या गुरुजींनी तर दोन्ही वर केले.

संघटना तो ठराव घेऊन विभागात गेली, एकदा नाही, चारदा. दिवाळीनंतर पत्र आलं. आमची शाळा राहणार, जिथे आहे तिथेच. भावाने रूमवर शिरखुर्मा केला, सुपरवायझरलाही दिला. मी पाइपवर चमचा वाजवून गावची मिरवणूक काढली, ताशासकट.

मग गावात रेंज धड मिळाली त्या दिवशी भाबीचा व्हिडिओ कॉल आला. मी शाबासकी घ्यायला केस विंचरून बसलो.

"दात काय काढतोस? माझी काय इज्जत ठेवलीस तू? जिथे जाईन तिथे लोक म्हणतात, 'गप बसवाल्या ताई आल्या!' आणि आता मला संघटनेच्या कार्यकारिणीवर घेतलंय. महिन्याला मीटिंग. भाकऱ्या तू भाजायला येणार आहेस? हसू नकोस! तुझ्या पुतणीला वर्गात विचारलं, मोठी होऊन काय होणार, तर ही खाकरली. दोनदा! भर वर्गात! कोणाचं शिकली? आणि नीट ऐकून ठेव, साहेब तसे खाकरत नाहीत. मी आता शेजारी बसते त्यांच्या. आधी पाणी पितात, मग खाकरतात. एवढंसुद्धा तुला धड जमत नाही?"