मावशीच्या जागेवरचं पोतं

मी पाच वर्षं जे शिकले, त्याचं नाव गावात कोणालाही धड घेता आलं नाही. कृषी अर्थशास्त्र आणि लोकसेवा, पदवी आणि पदव्युत्तर एकत्र. बारावीनंतर मला प्रवेश मिळाला तेव्हा चुलत्यांनी विचारलं, मास्तरीण होशील की तलाठी? दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. आईलाही नीट कळलं नव्हतं. कळलं ते फक्त मावशीला, आणि तिनंच ते सगळ्या बाजाराला समजावून सांगितलं. "सोयाबीनमंदी तूर नाई का पेरत आपन? पेरणी एकच. सोयाबीन पयले निघते, तूर मांगून. तसंच हाय पोरीचं." पुढे मी किती तरी शिकल्यासवरल्या माणसांना हा अभ्यासक्रम समजावला, पण याहून सोपं मला एकदाही जमलं नाही.

मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. पिंपळाच्या अलीकडे आई बसायची, मेथी, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन. तिच्या डाव्या हाताला मावशी, मिरच्या आणि लसूण घेऊन. आई लग्न होऊन गावात आली तेव्हापासून दोघी शेजारी. मी तान्ही असताना दोघींच्या मधे टोपल्यात झोपायचे म्हणे. मिरच्यांमुळे मला सारख्या शिंका यायच्या आणि मावशी गिऱ्हाइकांना सांगायची, "पाहा, पोर शिंकून राह्यली, म्हंजे मिरची अस्सल हाय." माझ्या शिंकांवर तिचा धंदा चालायचा असं मी मोठेपणी तिला चिडवायचे.

बाजारातली जागा कोणाच्या नावावर नसते. जो बसत आला त्याची ती. पण एक रीत होती. कोणी आजारी पडलं, घरात सुतक आलं, कोणी लेकीच्या बाळंतपणाला गेलं, तर शेजारणीनं त्या जागेवर रिकामं पोतं अंथरायचं. पोतं दिसलं की समजायचं, इथलं माणूस परत येणार आहे. गावातला भांडकुदळातला भांडकुदळ माणूसही त्या पोत्यावर पाय देत नसे. आईला टायफॉइड झाला तेव्हा मावशीनं तिच्या जागेवर तीन गुरुवार पोतं अंथरलं होतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

शेवटच्या वर्षी आम्हाला सहा महिने एखाद्या गावात प्रत्यक्ष काम करून त्यावर अहवाल लिहायचा होता. मी हट्टानं माझंच गाव मागून घेतलं. ग्रामपंचायत बाजारात सिमेंटचे ओटे बांधणार होती, वर पत्रे, आणि प्रत्येक ओटा एकेकाच्या नावावर. कोणाला द्यायचे त्याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. गावातल्या वजनदार लोकांचे भाचे-पुतणे, ज्यांनी जन्मात कांद्याची पात विकली नाही, ते या ओट्यांवर डोळा ठेवून होते. म्हणून मी नियम काढला: सलग चार बाजार मोजायचे, आणि चारही बाजारांना जो स्वतः जागेवर बसलेला दिसेल त्याचंच नाव लिहायचं. आमचे सर नेहमी सांगायचे, ऐकलेलं लिहू नका, दिसेल ते लिहा. ग्रामसभेत नियम मंजूर झाला आणि भाचे-पुतणे पहिल्याच बाजारात गळाले. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तेव्हा तर मी चालतानासुद्धा वही छातीशी धरून चालायचे.

मोजणी सुरू व्हायच्या दोन दिवस आधी मावशीच्या लेकीचं, नांदुऱ्याला, दिवस भरायच्या आत बाळंतपण झालं. तिच्या सासरी करणारं दुसरं कोणी नव्हतं. मावशी सव्वा महिन्यासाठी गेली. जाताना आईला एवढंच म्हणाली, "जागा पाह्यजो व." आईनं पोतं अंथरलं.

पहिल्या बाजारात मी त्या पोत्यापाशी आले, थांबले आणि पुढे गेले. दुसऱ्या बाजारात आई म्हणाली, "तिचं नाव लिव ना."

"ती इथं नाही ना, आई."

"पोतं हाय ना तिचं."

"पोत्याचं नाव कसं लिहू?"

आई मेथीच्या जुड्या उगाच खालीवर करत राहिली. आजूबाजूच्या दोन बाया हसल्या, आणि मला वाटलं मी फार मुद्द्याचं बोलले.

खरं काय ते सांगते. मला भीती वाटत होती. मावशीचं नाव लिहिलं असतं तर तेच भाचे-पुतणे म्हणाले असते, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मला दाखवायचं होतं की मी घरच्या माणसालाही सूट देत नाही. निष्पक्षपणा दाखवायला आपलंच माणूस बरं पडतं, ते भांडत नाही.

शिवाय मी सोय ठेवली होती. यादी पंधरा दिवस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणार होती, आणि ज्याचं नाव राहिलं त्यानं अर्ज द्यायचा होता. मावशीचा अर्ज मी माझ्या हातानं लिहिला, कारणासकट. फक्त अंगठा उठवायचा बाकी होता. तो अर्ज आईकडे दिला, पंचायतीत कुठे द्यायचा ते समजावलं आणि अहवाल लिहायला कॉलेजला परत गेले. पंधरा दिवस संपायला पाच दिवस असताना मावशी गावात आली. मी आईला फोन करून विचारलं, कागद दिला का तिला? "हाव, देला," आई म्हणाली. मी त्या विषयावर रेघ मारली. मावशीला एक फोन लावला असता तर सगळं कळलं असतं. नाही लावला. कामात होते.

अहवाल गेला, तोंडी परीक्षा झाली, पहिला नंबर आला. नियमाचं तर परीक्षकांनी फार कौतुक केलं. त्या आनंदात गुरुवार गाठून गावी आले आणि बसमधून उतरून थेट बाजारात गेले. ओटे झाले होते. आई बारा नंबरच्या ओट्यावर बसली होती. तेरा नंबरवर मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस होता, चारही बाजार न चुकता हजर राहिलेला, माझ्याच यादीतला. मावशी रस्त्याच्या पलीकडे, नालीच्या काठाला, जमिनीवर बसली होती. मला पाहून तिनं दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. "पास झाली माय माही," म्हणाली. तिच्या बोटांना मिरची लागलेली होती, माझे डोळे चुरचुरले. तेवढ्या निमित्तावर मला रडता आलं.

घरी येऊन मी आईवर ओरडले. अर्ज कुठे गेला? आईनं पिठाच्या डब्यामागून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. अंगठ्याची जागा कोरी होती.

"तिनं नाई देला," आई म्हणाली. "म्हने, अर्ज म्हंजे तक्रार. पोरीनं लिवलेल्या यादीवर मी तक्रार करू? सायेब लोक तिले विचारतीन, तुही यादी खोटी काऊन निघाली? तिची डिग्री अडकली त मी कोनाले तोंड दाखवू?"

"अगं, तो अर्ज मीच लिहिला होता ना!"

"सांगतलं मी. त म्हने, पोर साधी हाय, तिले काय समजते. मले शपथ घातली, निकाल लागेपर्यंत पोरीले सांगू नोको."

मी भिंतीला टेकून खाली बसले. आमच्या गावात पंचायतीत कागद जातो तो कोणाच्या तरी विरुद्धच. बांध कोरला, नाली अडवली, शिवी दिली. स्वतःचं नाव राहिलं म्हणून कोणी अर्ज करत नाही, आणि आपल्या माणसाच्या कामावर तर मुळीच नाही. लोक सरकारी सोयी का वापरत नाहीत यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. हे त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक भला माणूस होता, चहा मागवला. मुदत संपली होती, ओटे वाटून झाले होते, एकही शिल्लक नव्हता. मी पुन्हापुन्हा तेच बोलत राहिले तेव्हा तो हळूच म्हणाला, "मॅडम, नियम तुमचाच आहे." आपल्याच हातानं घातलेलं कुंपण.

नालीपाशी गिऱ्हाईक जात नाही. मावशी आणखी पाच-सहा गुरुवार बसली, मग नांदुऱ्याला लेकीकडे गेली ती तिथेच राहिली. आई आता निम्म्याच ओट्यावर भाजी मांडते. उरलेल्या निम्म्यावर पोतं अंथरलेलं असतं. मी बोलले की ती मेथी निवडायला घेते.

मागच्या महिन्यात मी खामगावला गाडी बदलून नांदुऱ्याला गेले. माफी मागायची ठरवून गेले होते. मावशी नातवाला मांडीवर घेऊन दारात बसली होती. मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या पिशवीतलं जाड पुस्तक पाहिलं. "हेच का व ते?" तिनं हात पदराला पुसले आणि अहवाल दुसऱ्या मांडीवर घेतला. तिला वाचता येत नाही. एकेक पान तिनं हळूच उलटलं.

"यात माह्यं नाव कुठं हाय?"

मी पिशवीची चेन उगाच लावली.

"यादीत नाई, थे माईत हाय मले," ती माझीच समजूत काढत म्हणाली. "पन हे त आपल्या बाजाराचं पुस्तक हाय. यात त असनच."

मी शेवटची पानं उघडली. तिथे ती यादी जोडलेली होती. दिसेल तेच लिहायचं म्हणून मी ते पोतं सोडून दिलं होतं. आता मीच एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ मावशी. इथं."

ती तेरा नंबरची ओळ होती, मोबाइल कव्हरवाल्याची.

मावशीनं माझं बोट बाजूला करून तिथे आपलं बोट ठेवलं. मग नातवाचा हात धरून त्याचंही इवलं बोट त्या ओळीवर टेकवलं. "पाह्य बावा," म्हणाली, "आजीचं नाव."

मला पुस्तक मिटायचं होतं. पण तिचं बोट तिथून हलत नव्हतं.