एका झाडाचे बी

पावसाळा सरत असताना मैत्रिणीचा निरोप आला. वसतिगृहात आम्ही दोन वर्षे एका खोलीत राहिलो होतो. ती ईशान्येकडच्या डोंगरातली, मी उमरेडची. विषय दोघींचा वनस्पतिशास्त्र. पुढे तिला बंगळूरला नोकरी लागली, मला नागपूरच्या एका संशोधन संस्थेत कंत्राटी काम मिळाले, आणि आमचे बोलणे वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरते उरले. हा निरोप मात्र लांब होता. तिच्या गावी दरड कोसळली होती. माणसे वाचली, घरही वाचले, पण घरामागची बाग मातीसकट दरीत गेली. आईवडील आता खालच्या गावात भाड्याने राहत होते. शेवटी एक प्रश्न होता: 'आईच्या चिनी कोबीचं बी मी तुला दिलं होतं. अजून आहे का?'

'आहे,' मी लिहिले. 'या हिवाळ्यात वाढवते आणि भरपूर करून पाठवते.'

उत्तर गेल्यावर मी कपाटातली पुडी शोधली.

चिनी कोबी आपल्या पानकोबीसारखी गोल नसते. तिचा गड्डा लांबट, पाने फिकट आणि सुरकुतलेली, देठ रुंद व पांढरे. बाजारात तिचे संकरित बियाणे मिळते, परंतु त्याच्या झाडाचे बी धरून पेरले तर पुढची पिढी तशीच निघत नाही. पुडीतले वाण जुने होते. मैत्रिणीच्या आईच्या त्या एका परसात दरवर्षी बी धरून ते राखले गेले होते आणि ते परस आता नव्हते. म्हणजे माझ्या हातातली कागदी पुडी हाच त्या वाणाचा उरलेला साठा होता, आणि या साठ्याने नागपूरचे चार उन्हाळे कपाटात काढले होते.

ओल्या टिश्यू पेपरवर दाणे मांडले. बहुतेक फुगले, त्यांना बुरशी धरली, आणि तिथेच संपले. बोटांवर मोजण्याइतकी रोपे हाती लागली. त्यांचा फोटो पाठवला, तेव्हा काही मिनिटांतच उत्तर आले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोटो, पुन्हा उत्तर. मी विश्लेषणाची सवय असलेली बाई आहे, त्यामुळे हे माझ्या लगेच लक्षात आले की आठवडाभर मी त्या फोटोच्या दिवसाची वाट पाहते. संस्थेतले सहकारी पाचला आपापल्या घरी पांगत. नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरच्या नव्या प्लॉटांच्या लेआउटमध्ये माझी खोली वरच्या मजल्यावर; खिडकीतून रिकामे प्लॉट, त्यांवरचे गवत आणि पलीकडे बांधकामाच्या सळया दिसत. परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे हा माझा संध्याकाळचा उद्योग होता. या शहरात मला फार काळ राहायचे नव्हते, म्हणून मी कोणाशी ओळख वाढवली नव्हती. हा हिशेब कागदावर चोख वाटत असे.

खाली घरमालकीणकाकू राहत. कंपाउंडच्या भिंतीलगतची पट्टी त्यांनी मला वापरायला दिली होती, पण मत देण्याचा हक्क स्वतःकडे ठेवून.

"काहून वं पोरी, एवढ्या जाग्यात वांगे लावले असते तं दोन घराले पुरले असते. हे काय लावून राहिली?"

"चिनी कोबी होय, काकू."

"आता गोबी बी चीनची? मोबाईल चीनचा, दिवाळीची लायटिंग चीनची, अन आता गोबी! पाहाय बाप्पा, चीनच्या मालाची काई गॅरंटी नसते."

कोबी मात्र टिकली. थंडी पडताच गड्डे भरू लागले. अळ्या मी सकाळी हाताने वेचत असे, माव्यावर साबणाचे पाणी मारत असे. प्रत्येक गड्डा वजनदार होत चालला होता आणि मी फोटोही जवळून, वेगवेगळ्या कोनांतून काढू लागले होते. मैत्रिणीने एकदा लिहिले की आई फोटो मोठा करून पानांच्या शिरा पाहते.

डिसेंबरच्या अखेरीस अवकाळी पाऊस आला. तीन दिवस आभाळ उघडले नाही. आमची काळी माती पाणी धरून बसते. गड्ड्यांच्या बुडाशी चिखल साचला. मी चर खणून पाणी काढले, परंतु उशीर झाला होता. ऊन पडल्यावर एकेक गड्डा आतून कुजू लागला. त्या कुजण्याला असा वास असतो की काकूंनी नाकाला पदर लावून मला विचारले, कुठे उंदीर मेला का. मी कुजलेली झाडे उपटून दूर टाकली. भिंतीच्या टोकाशी, जरा उंचवट्यावर असलेले एक झाड तेवढे शाबूत राहिले.

मैत्रिणीला त्याच संध्याकाळी कळवले. 'एकच राहिलं.'

रात्री तिने विचारले: 'एक झाड स्वतःचा पराग घेत नाही ना?'

'नाही घेत.'

'मग?'

'कळ्या उघडीन.'

'सगळ्या?'

'जमतील तितक्या.'

आमच्या दोघींत एवढे पुरेसे होते. वाचकांसाठी थोडे सांगते. चिनी कोबीचे फूल स्वतःच्या झाडाचा पराग ओळखते आणि त्याला रुजू देत नाही. बी धरायला दुसरे झाड लागते. पण ही ओळख फुलाला जन्मतः नसते. उमलायच्या सुमारास ती पक्की होते. कळी उमलण्याच्या दोन-चार दिवस आधी चिमट्याने अलगद उघडली आणि त्याच झाडाच्या उमललेल्या फुलाचा पराग आत लावला, तर ती फसते आणि बी धरते. कळी फार कोवळी असेल तर काही होत नाही, फार जून असेल तर ती नकार देते. मधली वेळ साधावी लागते, आणि ती प्रत्येक कळीची वेगळी असते.

जानेवारीत गड्ड्याच्या माथ्यावर सुरीने फुलीसारखा छेद दिला. त्यातून फुलांचा दांडा वर आला, त्याला फांद्या फुटल्या. आजूबाजूच्या प्लॉटांवर कोणी मोहरी, कोणी शलगम लावले होते. ही कोबीची जवळची नातलग मंडळी. मधमाश्यांनी त्यांचा पराग आणला असता तर वाण राहिले नसते. म्हणून चार बांबू रोवून मी माझी एकटीच्या पलंगाची मच्छरदाणी झाडावर बांधली.

"माय वं!" काकू झाडू हातात घेऊन उभ्याच राहिल्या. "आमी इथं रातभर मच्छर मारून राहिलो, अन हिची गोबी मच्छरदानीत झोपून राहिली!"

"मधमाश्या येऊ नाही म्हणून लावली, काकू."

"काहून? मधमाशीनं काय घोडं मारलं तुहं?"

"ते दुसऱ्या झाडाचा पराग आणते. मले याच झाडाचा पाहिजे."

काकूंनी यावर थोडा विचार केला. "म्हणजे सोतासंगच लगन?"

"तसंच समजा."

"अशानं लेकरं होते का वं?"

"होत नाही. म्हणून तं हातानं करून राहिली."

"तुह्या मायले सांगतो आता," त्या हसत म्हणाल्या, "म्हणा पोरीचं राहू द्या, पोरगी गोबीचं लगन लावून राहिली."

मीही हसले. त्या आत गेल्यावर मात्र मच्छरदाणीच्या आत बसून मी बराच वेळ एकाही कळीला हात लावला नाही.

ऑफिसला जाण्याआधीचा वेळ या कामाचा. छोट्या स्टुलावर बसायचे, एका हातात चिमटा, दुसऱ्या हाताने फांदी धरायची. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत सगळे हातमागावर बसले. सुताचा तुटलेला धागा न दिसता जोडणारी बोटे होती त्यांची. वडील विणकाम सोडून कोळसा खाणीत लागले, मी प्रयोगशाळेत. माझ्या बोटांनी पहिल्या आठवड्यात बहुतेक कळ्या चिरडल्या. दुसऱ्यात हात बसला. जाळीच्या आतून बाहेरचे जग धूसर आणि जरासे दूर दिसे. रस्त्यावरून शाळेच्या ऑटोतली पोरे ओरडत जात, भाजीवाला हाक देई, आणि मी एका झाडाला त्याचाच पराग देत बसलेली असे. शास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष होती. तरी कधीकधी वाटे, हे झाड दुसऱ्याची वाट पाहते आहे आणि मी त्याला समजावते आहे की तुझे तूच पुरेसे आहेस.

त्याच दिवसांत आईचा फोन आला.

"येत्या रविवारी हळदीकुंकू ठेवलं हाये. येऊन जाय. साऱ्या जणी विचारून राहिल्या, पोरगी कुठी गेली म्हणून."

"फुलं आले, आई. सोडून येता येत नाही मले. आजची कळी उद्या चालत नाही."

"हुडकेश्वरहून उमरेड काय अमेरिका होय? एसटीत बसली का पोचली."

"पुढच्या महिन्यात येतो ना."

"पुढच्या महिन्यात काय, वाण लुटाच्या सुपल्या घेऊन बसू का मी?" मग तीच पुढे म्हणाली, "गोबीच्या फुलाले पाहाले कोन येनार हाये, सांग बरं. इथं माणसं येऊन राहिले."

रविवारी मी गेले नाही. त्या दिवशी उघडलेल्या कळ्यांच्या फांदीला लाल दोरा बांधला. पुढे त्या फांदीवर सर्वांत जास्त शेंगा धरल्या, आणि त्याचा मला जितका व्हायला हवा होता तितका आनंद झाला नाही.

बऱ्याच कळ्या सुकून गळाल्या. उरलेल्यांच्या शेंगा लांबल्या, त्यांना आतल्या दाण्यांचे उंचवटे दिसू लागले. उन्हे तापली तशा त्या पिवळ्या पडल्या. तडकण्याआधी फांद्या कापून मी त्या वर्तमानपत्रावर वाळवल्या, चोळल्या, फुंकर मारून भुसा उडवला. तपकिरी, गोल दाण्यांची एक लहान वाटी भरली. वाटी हातात घेऊन मी जिन्यापर्यंत गेले. काकू मुलाकडे मुंबईला गेल्या होत्या. परत वर आले.

निम्मे दाणे कुरिअरने डोंगरात गेले. मैत्रिणीला लिहिले की हे सगळे एकाच झाडाचे वंशज आहेत, परसातल्या पूर्ण वाणाची विविधता यात नाही, काही रोपे दुबळी निघतील, आईला आधीच सांगून ठेव. तिने लिहिले, 'सांगते.' त्यानंतर फोटो काढण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. निरोप पुन्हा विरळ झाले.

मेअखेरचा नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस, सुरू होता तेव्हा तिचा फोन आला. निरोप नव्हे, फोन. ती सुटीवर घरी गेली होती. कूलरच्या आवाजात ऐकू येईना म्हणून मी तो बंद केला. तिकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"उगवलं," ती म्हणाली. "आईने बादल्यांत लावलंय. जिन्यातसुद्धा बादल्या आहेत, घरमालक ओरडतोय. थांब, तिला बोलायचंय तुझ्याशी."

तिच्या आईला फक्त त्यांची भाषा येते. त्या जोरात, आनंदाने बोलल्या, जणू मोठ्याने बोलले की मला समजेल. मग मैत्रीण म्हणाली, "ती विचारतेय, तुमच्याकडे कशी शिजवली? आणि एवढा गड्डा एकटीने संपत नाही, तर जेवायला कोणाकोणाला बोलावलं होतंस?"

मी खिडकीबाहेर पाहिले. भिंतीलगतची पट्टी भेगाळली होती.

"सांग त्यांना, खाल्ली नाही," मी म्हटले. "एकच राहिली होती. ती बियाण्याला ठेवली."

मैत्रीण आईशी बोलू लागली. माझे उत्तर छोटे होते. तिचे भाषांतर बरेच लांबले. मध्येच तिच्या आईने काही विचारले, तिने मला न विचारताच त्याचे उत्तर दिले, आणि आई खळखळून हसली. त्या भाषेतला एकही शब्द मला कळत नव्हता. अधूनमधून फक्त माझे नाव येत होते, एकदा नागपूर आले. पण 'खाल्ली नाही' एवढे सांगायला इतका वेळ लागत नाही आणि त्यावर कोणी असे हसतही नाही. तिकडे त्या भाड्याच्या खोलीत माझ्या घरची एक पंगत बसवली जात होती, भरल्या ताटांची, पुष्कळ पाहुण्यांची. मी फोन कानाला लावून ती शेवटपर्यंत ऐकली आणि मध्ये बोलले नाही.