पुढचं मॉडेल येईपर्यंत

वजनकाटे तपासायच्या खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला घाई कशी ती माहीतच नसते. दुकानात जायचं, प्रमाणित वजनं एकेक करून काट्यावर ठेवायची, आकडा बघायचा, सगळी उतरवून पुन्हा ठेवायची आणि मगच शिक्का मारायचा. गिऱ्हाइकं खोळंबली म्हणून दुकानदार कितीही कळवळला तरी यांचं आपलं एकच, "थांबा, दुसऱ्यांदा बघू द्या." त्यावरून लोकांनी त्यांचं नाव ठेवलं थांबोबा. ते निवृत्त झाले, पण नाव काही निवृत्त झालं नाही.

घरी बसल्यावर त्यांना नवा नाद लागला. फ्रिज, मोबाइल, वॉशिंग मशीन, काय वाटेल ते. पेपरातली कात्रणं कापायची, वहीत चिकटवायची, बाजूला आपलं मत लिहायचं. "नव्या मॉडेलची पहिली खेप कधी घेऊ नये, कंपनी ती आपल्या पैशांनी तपासून घेते." "दुकानदार जिची फार तारीफ करतो, ती वस्तू त्याच्या गोदामात पडून असते." बिल्डिंगमधल्या ड्रायव्हरने ऐकलं नाही, हौसेनं नवाकोरा टीव्ही आणला आणि सहा महिन्यांत त्याचा पडदा काळा पडला. मग काय विचारता! थांबोबांना विचारल्याशिवाय कुणी साधी इस्त्रीही घेईना. आणि माणूस लबाड नव्हता हो. कुणाचे कष्टाचे पैसे वाया जाऊ नयेत, एवढीच त्यांची तळमळ.

त्यांची बायको घरात शाळेचे गणवेश शिवायची. साठीच्या आसपास तिला कमी ऐकू यायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, दोन्ही कानांना मशीन लावा, लवकर लावा. थांबोबा त्याच संध्याकाळी वही घेऊन बसले.

"हे सगळेच आवाज वाढवतं गं. पुढच्या वर्षी गोंगाट गाळणारं येतंय."

पुढच्या वर्षी ते आलं. पण त्याचे सेल सारखे बदलावे लागत आणि चार्जिंगवालं येणार अशी बातमी होती. चार्जिंगवालं आलं, तर ती पहिली खेप! पैसे बँकेत वेगळे काढून ठेवलेले होते, अडचण कसलीच नव्हती. पण एकदाच घ्यायचं तर चांगलंच घेऊ, शेवटी कानाचा प्रश्न आहे, असं ते म्हणत राहिले.

"अहो, तुम्हाला पटेल ते घ्या, पण घ्या एकदाचं," बायको पहिली दोन वर्षं म्हणायची. मग तिनं म्हणायचं सोडलं.

तिचं बाकीचंही एकेक सुटत गेलं. गिऱ्हाईक माप सांगायचं, ही हसून "हो हो" म्हणायची आणि भलतंच शिवायची. एका बाईनं अख्खा गठ्ठा परत आणून टेबलावर आपटला. त्यानंतर तिनं शिलाई मशीनवर चादर घातली ती घातलीच. लेक दूरगावी नोकरीला, दर रविवारी फोन करायची. आधी आई स्पीकर लावून ऐकायची, मग बाबा मधे बसून ओरडून सांगायचे, पुढे पुढे ती लांबूनच हात हलवायला लागली, "मी बरी आहे म्हणावं." त्यांनाही वाटायचं, जरा कळ काढू, मशीन आलं की बोलतीलच मायलेकी पोटभर.

सात वर्षं! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

आठव्या वर्षी वहीतल्या सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण पडली आणि थांबोबा बायकोला घेऊन निघाले. कान तपासणाऱ्या बाईनं मशीन लावलं. शिट्टी वाजवली, बायकोनं बोट वर केलं. मग बाईनं तोंडासमोर कागद धरून साधे शब्द म्हटले. पाणी. खुर्ची. दार. बायको नुसती बघत राहिली.

"आवाज पोचतोय, शब्द उलगडत नाहीयेत," बाई म्हणाली. "फार वर्षं ऐकलं नाही की मेंदूची सवय मोडते. आधी का नाही आणलंत, काका?"

"परत लागेल ना सवय?"

"थोडीफार. पहिल्यासारखी नाही."

"आणि पुढच्या मॉडेलमध्ये?" तोंडून निघून गेलं त्यांच्या.

"मशीनमध्ये काहीच खोट नाही हो," ती हळूच म्हणाली.

थांबोबा तिथेच खुर्चीवर बसून राहिले. दुनियेला शहाणपण शिकवलं आणि घरातल्या माणसाचं वाटोळं केलं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. लाज वाटली, रडू आलं. बायकोला वाटलं, यांना चक्कर आली, म्हणून ती पाणी शोधायला उठली.

रविवारी लेकीचा फोन आला. मशीन बसवल्याचं तिला आधीच कळवलं होतं, तिनं घाईघाईनं आईलाच मागितलं. बायकोनं कौतुकानं फोन कानाशी धरला. पलीकडून लेक बोलत होती, हसत होती, पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होती. बायको कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली. मग तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"कोणी बाई आहेत. काय हवंय विचारा त्यांना."

पलीकडे ते ऐकू गेलं होतं. "बाबा," लेक म्हणाली.

थांबोबांनी फोन बाजूला ठेवला आणि बायकोसमोर बसून सावकाश, ओठ हलवून सांगितलं, "आपली लेक आहे गं." दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिला समजलं, आणि तिचा चेहरा कावराबावरा झाला.

"मग तिचा आवाज असा कशानं झाला?" ती म्हणाली. "तिला बरं नाही का हो?"