हातावरची फुली

माणूस जिवंत असतो तेव्हा त्याचे किस्से दोन-चारच असतात. तो गेला की जो भेटतो तो एक नवीन सांगतो. माझा दादा जाऊन तीन महिने झाले आणि आता घरात त्याच्या किश्श्यांना ठेवायला जागा नाही. मी सातवीतून शाळा सोडली, लिहायची सवय नाही. पण आमचा ड्रमवाला सलीम म्हणाला, "लिहून ठेव बे, नाई तर उद्या लोक म्हणतीन, तोच पिऊन मेला." म्हणून लिहितो.

*

दादा नागपूरला एका मेसमध्ये पोळ्या लाटायचा. तिथल्या हॉस्टेलच्या पोरानं त्याला एक कॅसेट भरून दिली. हार्डकोर पंक, अमेरिकेतलं. एकेक गाणं मिनिटभराचं, त्यात माणूस नुसता ओरडतो. तो पोरगा म्हणाला, हे गाणारे दारू, बिडी काहीच घेत नाहीत. तिकडच्या बारमध्ये लहान पोरांच्या हातावर फुली काढतात, म्हणजे याला देऊ नका. हे मोठं झाल्यावरही ती फुली स्वतःहून हातावर काढतात.

दादा ती कॅसेट घेऊन वैनगंगेकाठी आमच्या गावात परत आला. नदीपलीकडं गडचिरोली जिल्हा, तिथं दारूबंदी. अलीकडं ब्रह्मपुरी, तिथं दारू चालू. मध्ये आमचे डोंगे, म्हणजे लहान नावा. मासोळी कमी लागली की डोंग्यातून दारूच्या पेट्या पलीकडं जायच्या. बाबांच्याही डोंग्यातून जायच्या, आणि बाबा पलीकडं पोचेपर्यंत अर्धे झिंगलेले असायचे.

दादानं मला पूर्ण कॅसेट ऐकवली आणि म्हणाला, "एक बी शब्द समजत नाई. पण हे आपल्याच गावचं हाये."

*

सलीम ब्रह्मपुरीचा. त्याचे वडील पत्र्याच्या पेट्या बनवतात. दादानं त्याला आपल्या नव्या बँडचा नियम अर्धा तास समजावून सांगितला. दारू नाही, का नाही, कधीच नाही. सलीम गुमान ऐकत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, मी तं घरूनच फुली घेऊन आलो. ड्रम कुठी हाये ते सांग!"

ड्रम नव्हता. मोठी पेटी उलटी करून तो वाजवू लागला. पण नियमात तंबाखू-सुपारीचा खर्राही बंद होता, हे त्याला नंतर कळलं. खर्रा सोडल्यावर आठ दिवस त्यानं अशी पेटी बडवली की त्याचे वडील हातोडा घेऊन आले. आम्हाला वाटलं, मारतात. त्यांनी पेटीचे पोचे काढून दिले आणि परत गेले.

*

आमच्या बँडचं नाव फुली. दादा मार्करनं प्रत्येकाच्या हातावर ती काढायचा. पहिली सुपारी नागभीडकडच्या एका लग्नाची. पहिल्या गाण्याला नवरीकडची पोरं पळाली. दुसऱ्या गाण्याला नवरदेवाचा मामा आला. "नवरदेवाले काऊन शिव्या देऊन राह्यले?" तिसऱ्या गाण्याला त्यांनी जनरेटर बंद केला. दादा माईकशिवाय गात राहिला. शेवटी नवरीचे वडील हात जोडून म्हणाले, "जेवून जा. पोटभर जेवा. पण गाऊ नका."

त्याच लग्नात मी मांडवामागं जाऊन प्यायलो. एक ग्लास. का, ते मलाही माहीत नाही. कोणी दिला, मी घेतला.

*

परतताना मी सायकलवर दादाच्या मागं डबलसीट होतो, त्याला वास आला. त्यानं सायकल थांबवली. अंगठ्याला थुंकी लावली आणि माझ्या हातावरची फुली पुसली. चामडी लाल होईपर्यंत घासत होता.

"सहा महिने कोरडा राह्य. मंग मीच काढून देईन, माझ्या हातानं."

माझ्याकडचा बेस गिटार सलीमच्या भावाकडं गेला. मला कार्यक्रमाच्या फाटकावर बसवलं. येणाऱ्याचं तोंड हुंगायचं, वास नसला तर मार्करनं फुली काढायची, असला तर घरी धाडायचं. पोरं मला नाक म्हणू लागली.

*

एकदा बाबाच आले. गावच्या शाळेच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. हुंगायचीही गरज नव्हती. दादा आतून माझ्याकडं बघत होता.

"बाबा, तुमी नाई," मी म्हटलं.

बाबा समोरच्या पुलियावर जाऊन बसले आणि पूर्ण कार्यक्रम तिथूनच ऐकला. घरी आल्यावर मला म्हणाले, "त्याचा आवाज बसून राह्यला. त्याले गरम पाणी दे."

*

सावली गावाला भर दुपारी कार्यक्रम झाला. चाळीस पोरं आली. मी चाळीस तोंडं हुंगली, तीन परत पाठवली. दादा खूश होता. "आज एक थेंब बी आत नाई गेला," म्हणाला.

भाड्याची जीप बाहेर बाभळीखाली उभी होती. ड्रायव्हर आत आला नाही, त्यामुळं त्याचं तोंड मी हुंगलं नाही.

परत येताना धानाच्या बांध्यांमध्ये एक वळण लागतं. तिथं जीप वळली नाही. ऊन होतं, रस्ता मोकळा होता. सलीमचा हात मोडला. मला खरचटलं. दादा पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला बसला होता.

तिथले पोलीस पाटील ड्रायव्हरजवळ वाकले आणि लगेच मागं सरले. "हा तं सकाळपासून पिऊन हाये," म्हणाले.

*

दहाव्याला नदीवर गेलो. आमच्यात मेलेल्याला मोहाची दारू देतात. पळसाच्या द्रोणात ओतायची, ओतणाऱ्यानं आधी एक घोट घ्यायचा, उरलेली पाण्यात सोडायची. हे काम धाकट्या भावाचं.

काकांनी शिशी आणली, द्रोण माझ्या हातात दिला. मी म्हटलं, दादा पीत नव्हता. काका म्हणाले, आता तो पितरात गेला, पितरांना लागते. मी म्हटलं, माझ्या सहा महिन्यांना चार दिवस कमी आहेत. ते कोणी ऐकलंच नाही.

"तू घोट घेतल्याबिगर त्याले पोचत नाई," काका म्हणाले. "भावाले उपाशी धाडतं का?"

द्रोण भरला. वास नाकात गेला. खोटं कशाला सांगू, मला प्यायचीच होती. दहा दिवस मला तेवढंच हवं होतं. मी द्रोण तोंडाजवळ नेला.

बाबा आंघोळ करून पाण्यातून वर येत होते. त्यांनी माझ्या हातातून द्रोण घेतला. मला वाटलं, आता हे पितात. काकांनाही तसंच वाटलं, त्यांनी शिशी पुढं केली. बाबांनी द्रोण रेतीत उपडा केला. नदीत बुडवून पाण्यानं भरला, एक घोट घेतला, बाकीचं सोडून दिलं.

मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. डोकं भादरलेलं, अंगावरून पाणी निथळत होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"हुंग."

मी हुंगलं. निंबाच्या काडीचा वास होता. दुसरा कसलाच नाही.

दादाचा मार्कर माझ्या खिशात होता. बाबांनी तो काढला, टोपण दातानं ओढलं आणि माझा हात धरला.

"आता तू," म्हणाले.

मी तोंड उघडलं.