बाजूला ठेवलेला घास

बोईसरच्या आमच्या इमारतीत कुणी सुके बोंबील भाजले की मला घिवलीची वाडी आणि वडिलांचं बारावं आठवतं. माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती आणि माझ्या वडिलांखेरीज कुणाच्याही हातून जेवत नसे. ते तिला मागच्या पायरीवर घेऊन बसायचे, एक घास तिला भरवायचे आणि एक कावळ्यासाठी बाजूला ठेवायचे. ते गेल्यापासून ती दूध-बिस्किटांवरच होती. त्या दुपारी त्यांच्या आवडीचा भात आणि भाजलेला बोंबील वाढून आम्ही पान माडाखाली ठेवलं, पण कावळा शिवेना. थोरले काका म्हणाले, "पोरीचा घोर हाय त्याला. तिला मी जेवू घालीन, असं बोल." मी हात जोडून तसं बोललो. बोलताना काहीच वाटलं नाही; वाळूचे चटके पायांना बसत होते, तेवढंच कळत होतं. तेवढ्यात मुलगी पुढे गेली, पानासमोर मांडी घालून बसली आणि भात खाऊ लागली. कुणीतरी तिला उचलायला धावलं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे, जेवतेय ती." दोन घास खाऊन तिने एक बाजूला ठेवला. कावळा खाली उतरला आणि तोच घेऊन गेला. सगळे रडले. मी तिचं तोंड पुसलं. आता ती शाळेत जाते, सगळं खाते, आणि अजूनही ताटाच्या कडेला एक घास ठेवते. का, ते तिला ठाऊक नाही आणि मीही सांगितलेलं नाही. ताटं उचलताना तो घास मी खिडकीत ठेवतो.