गाइडमधला पत्ता

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर पालमला येणारी सकाळची बस बंद झाली. वाटेवरच्या एका गावातल्या मुली त्याच बसने आमच्या शाळेत येत. एसटी आगाराचं म्हणणं, त्या गावाहून प्रवासी मिळत नाहीत.

मी नववीला इंग्रजी शिकवतो. वर्गात तेव्हा विनंतीपत्राचा धडा चालू होता: समोरच्याला पटेल असं कसं लिहावं. त्या गावातली एक मुलगी टमटमने आली होती. बस नसेल तर शाळा नाही, असं वडिलांनी तिला सांगितलं होतं.

"सर, आगारालाच लिहू की," ती म्हणाली. "इंग्रजीत लिहिलं की सायेब वाचतेत."

"आन् उत्तर इंग्रजीत आलं तर तूच वाच, बाई," मागून मैत्रीण म्हणाली.

वर्गातल्या सगळ्या मुलींनी लिहिलं. टमटमने आलेल्या मुलीचा मुद्दा बिनतोड होता: तुम्ही प्रवासी मोजले तेव्हा शाळेला सुट्टी होती. मी फक्त मजकूर तपासला आणि पत्रं पाठवून दिली.

उत्तर आलं नाही म्हणून आगारात गेलो. कारकुनाने गठ्ठा समोर टाकला.

"सर, एकाच पोरीनं एवढी पत्रं लिहिली? लय दमाची दिसायली. आन् हे नगर कुठंय? आमच्या रस्त्यावर तर न्हाई."

प्रत्येक पत्राखाली गाइडमधल्या नमुन्यातलं नाव होतं, वर तिथलाच पत्ता. उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव-गाव लिहायचं नाही, हे आम्हीच त्यांच्याकडून घोटून घेतलेलं. आगाराने पत्रं बनावट धरली होती.

दुसऱ्या दिवशी खऱ्या सह्यांचा मराठी अर्ज नेला. कारकुनाने पोच दिली. "नवं वेळापत्रक कालच निघालं, सर. आता पुढच्या खेपेला."

संध्याकाळी मुलीच्या घरी गेलो. वडिलांनी चहा सांगितला.

"तुमच्यावर राग न्हाई, सर. पण टमटममधी रोज लटकत पाठवायची न्हाई मला."

"बाबा, वार्षिक परीक्षेपर्यंतच," मुलगी दारातून म्हणाली. "मी पुढच्या सीटवर बसते. मावशी रोज बाजाराला जातेच, तिच्यासंगं जाते. न्हाई जमलं तर मीच घरी बसते."

"लय बोलायलीस," वडील म्हणाले. ती आत गेली.

सोमवारी ते शाळेत आले आणि दाखला मागितला. शाळा सोडण्याचं कारण त्यांनी 'घरगुती' असं सांगितलं. लेखनिकाने तसं लिहिलं.