बंद दाराआडची मींड

माझा स्वभाव मुळात संशयी. कोणी हसून बोललं की याला काय हवंय, हे मी आधी पाहतो. त्यामुळे जळगावच्या ज्या बँडमध्ये मी सात वर्षं कॉर्नेट शिकलो, त्या बँडच्या उस्तादांवरही माझा पुरता विश्वास कधी बसला नाही. उस्ताद तरुणपणी पलटणीच्या बँडमध्ये होते. बोलपटांची गाणी तेव्हा नुकतीच वरातीत शिरली होती, पण उस्तादांना बोलावणारे जुने शौकीन राग मागायचे. पितळेच्या त्या वाद्यातून ते अशी मींड काढत की ऐकणाऱ्याचा विडा हातातच राहायचा.

ती मींड मला येत नव्हती. एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जायचं, तर माझा सूर जिन्यावरून पडल्यासारखा खाली यायचा. उस्ताद म्हणायचे, ‘‘पिस्टन अर्धा दाब, ओठ ढिला सोड. व्हई जाई.’’ सात वर्षांत झालं नाही. मग मी ठरवूनच टाकलं, हा माणूस काहीतरी हातचं राखून शिकवतोय.

कोणासाठी राखतोय, हेही मला ठाऊक होतं. उस्तादांचा भाचा माझ्याच वयाचा, तालमीत माझ्या शेजारी बसून वाजवायचा. रोज दुपारी जेवणं झाली की मामा-भाचे आतल्या खोलीत जात आणि दार लावून घेत. मी ओट्यावर बसून कान लावायचो. आतून चकार आवाज नाही. दुसऱ्या कोणाचा संशय तिथेच फिटला असता, माझा बळावला. कारण उस्तादांची पद्धतच तशी होती. नवख्याला ते पहिले सहा महिने फुंकूच देत नसत. बोटं नुसती पिस्टनवर चालवायची आणि सरगम मनात म्हणायची. म्हणजे आत मुक्यानेच मींड शिकवली जात होती! मी नुसता जळफळायचो. उस्ताद साठीला टेकले होते. त्यांच्यामागे पहिला कॉर्नेट कोण वाजवणार, एवढंच ठरायचं बाकी होतं, आणि पहिला कॉर्नेट ज्याचा त्याचाच बँड. मला तो हवा होता.

त्यातच माझी नजर त्यांच्या माउथपीसवर गेली. ओठांना टेकतो तो छोटा पितळी पेला. लग्नसराईत कोणी दुसऱ्या बँडमध्ये जाऊन वाजवू नये म्हणून उस्ताद काम संपलं की सगळ्यांचे माउथपीस काढून घेत, स्वतःच्यासकट एका थैलीत भरत आणि थैली भाच्याकडे देत. आमचे सगळे सारखे. एकट्या उस्तादांच्या माउथपीसच्या कडेवर कथिलाचा जाड थर चढवलेला. कशाला, विचारलं तर म्हणाले, ‘‘असाच.’’ असाच म्हणणाऱ्या माणसावर तर मी मुळीच भरवसा ठेवत नाही.

एकदा रेल्वेने शिंदखेड्याच्या लग्नाला निघालो होतो. अमळनेरला भाचा पाणी आणायला उतरला. थैली बाकावरच होती. मी उस्तादांचा माउथपीस काढून कोटाच्या खिशात टाकला. चोरी केली असं वाटलंसुद्धा नाही. दोन दिवस वाजवून पाहू, गुपित कळलं की परत ठेवू, असा बेत. उस्तादांसाठी थैलीत एक जादा माउथपीस होताच.

वेशीवर नवरीकडची मंडळी उभी होती. रिवाज असा की आधी पहिला कॉर्नेट एकटा वाजणार, मगच नवरदेवाचं पाऊल आत. नवरीच्या आजोबांनी भीमपलास मागितला. उस्तादांनी थैली चाचपली, पुन्हा चाचपली, पालथी केली. शेवटी जादा माउथपीस लावला. पहिला सूर बरा आला. मध्यमावरून गंधारावर उतरताना फाटला. पुन्हा धरला, पुन्हा फाटला. वऱ्हाडात कोणीतरी फिदीफिदी हसलं. उस्तादांनी कॉर्नेट खाली घेतला तेव्हा त्यांच्या ओठांवर रक्त होतं. भाच्याने पुढे होऊन कसाबसा राग आटोपला.

जळगावला आल्यावर उस्तादांनी सगळ्यांदेखत भाच्याला विचारलं, ‘‘कोठे शे?’’

‘‘मामू, मन्ही आन, मी हात बी नही लावा.’’

‘‘त्यानं मोल तुनाशिवाय कोनले ठाऊक व्हतं?’’

भाच्याने थैली त्यांच्यासमोर ठेवली. त्याच दिवशी वळकटी उचलून तो फैजपूरला आपल्या घरी निघाला. जाताना मला म्हणाला, ‘‘मामूवर ध्यान ठेवजो.’’ मला वाटलं, टोमणा मारतोय.

दोन दिवस मी तो माउथपीस लावून गावाबाहेर वाजवत बसलो. मींड आली नाही. उलट आवाज दबला. तिसऱ्या दिवशी तो गुपचूप परत ठेवावा म्हणून उस्तादांकडे गेलो. ते ओट्यावर एकटेच होते, हातात तुरटीच्या पाण्याची वाटी. त्यांनी मला जवळ बसवलं आणि तोंड उघडून दाखवलं. वरचे समोरचे दोन दात नुसते लोंबत होते.

‘‘दोन साल व्हयनात,’’ ते म्हणाले. ‘‘दात पडेल मास्तरले लगीनमा कोन बलाई? म्हनीसन दार लाईसन बठूत. तो मन्हा हिरड्यास्ले लवंगनं तेल लावे. कथिल बी त्यानीच करी आनं, ओठवर दाब कमी पडाले.’’

उस्तादांनी चूळ भरून अंगणात टाकली.

‘‘आनि पयला कॉर्नेट कोनले देऊ, ते इचारं तं तुनंच नाव सांगे. म्हने, मामू, त्याना दम मन्हापेक्षा मोठा शे. आते तोच चोर निंघना.’’

माझा हात खिशात होता, माउथपीस मुठीत. मूठ उघडली असती तर फैजपूरला निरोप गेला असता, भाचा परत आला असता, आणि मग पहिला कॉर्नेट कोणाकडे गेला असता हे मला पक्कं ठाऊक होतं.

‘‘आजकाल माणसाचा काही भरवसा नाही, उस्ताद,’’ मी म्हणालो.